नकाशेसरांचा शेरा

नकाशेसरांचं खरं नाव शाळेच्या कागदपत्रांत होतं, बाकी कुठे कुणाच्या तोंडी नव्हतं. भूगोलाच्या तासाला ते मुलांकडे पाठ करून फळ्यावर खडू टेकवायचे आणि एकदाही न उचलता अख्ख्या खंडाचा किनारा काढून मोकळे व्हायचे. आखातं, भूशिरं, नद्यांची मुखं, सगळं जागच्या जागी. मागच्या बाकावरची कार्टीसुद्धा तेवढी दोन मिनिटं तोंडाला कुलूप लावायची. मग हात झटकत सर वळायचे तेव्हा त्यांचा चेहरा असा असायचा, की किनारा नुसता काढला नाही, यांनीच तो तिथे नेऊन बसवलाय.

बावीस वर्षं त्यांनी असं जग काढलं आणि पुसलं. स्वतः मात्र त्यांनी कधी समुद्र ओलांडला नव्हता. त्यांच्या बायकोला याची भारी गंमत वाटायची. ती म्हणायची, "अहो, सगळ्या जगाचा नकाशा तुमच्या डोक्यात आहे, पण माझ्या बहिणीकडे जाताना दर वेळी भलत्याच गल्लीत कसे शिरता?" त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं असे. "गल्ल्यांना अक्षांश नसतात."

अशा माणसाला शाळेने परदेशी पाठवायचं ठरवलं. नववीच्या दहा मुलांची मोहीम होती. समुद्रापलीकडच्या डोंगराळ मुलुखात सहा दिवस पायी चालायचं, स्वतः रांधायचं, स्वतःचं ओझं स्वतः वाहायचं. मुख्याध्यापिकाबाईंनी पालकांसाठी पत्रक काढलं, त्यात आत्मविश्वास, निर्णयक्षमता, जबाबदारी, नेतृत्व असे सगळे जड शब्द ओळीने उभे केले होते. इतर शिक्षक त्या पत्रकाला हसले. सर हसले नाहीत. पुस्तकातून जे पोरांच्या अंगी लागत नाही ते पायांतून लागतं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. हे मी त्यांच्या बाजूने मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं फार थोडं आहे.

तिकडे पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी त्यांना वाटाडी भेटली. पन्नाशीची, उंच, उन्हाने रापलेली बाई. तिची भाषा वेगळी, पण ती सावकाश बोलायची आणि नेमकं बोलायची. तिने एक नारिंगी जाकीट दाखवलं. रोज एक मूल म्होरक्या होणार आणि दिवसभर ते जाकीट घालणार. नकाशा त्याच्या हातात, होकायंत्र त्याच्या हातात, कुठे वळायचं, कुठे बसायचं, कधी निघायचं, सगळं तोच ठरवणार. ती स्वतः गाडीतून तंबू आणि शिधा घेऊन पुढच्या मुक्कामाच्या झोपडीपाशी जाऊन थांबणार.

"आणि मी?" सरांनी विचारलं.

"तुम्ही सगळ्यांत मागे चालायचं आणि बोलायचं नाही. कुणाचा जीव धोक्यात आला तरच शिटी वाजवायची."

"पण मुलं वाट चुकली तर?"

"चुकू दे. दिवस मोठा आहे, जवळ खाणं आहे, तुमच्याकडे वायरलेस आहे. चुकली की स्वतःच शोधून काढतील. त्यासाठीच तर आणलंय ना त्यांना?"

सरांनी मान डोलावली. शब्द दिला.

पहिले तीन दिवस त्यांनी तो पाळलाही. सोपं नव्हतं. बावीस वर्षं जो माणूस बोलून खातो त्याला गप्प चालायला लावणं म्हणजे शिक्षाच. ओढा दिसला की त्यांच्या ओठांवर झीज आणि गाळ यायचा, उघडा खडक दिसला की त्याचं वय यायचं, आणि सर ते सगळं गिळायचे. पण पुढे जे घडत होतं ते पाहून त्यांचा ऊर भरून येत होता. घरी ज्याच्या बुटांची नाडी आई बांधायची तो लाडोबा तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बारा जणांची लापशी ढवळत होता. ती बुडाला लागली, आणि त्याने ती कुणी न सांगता खरवडून भांडं घासून ठेवलं. दोन मैत्रिणी तंबूवरून भांडल्या आणि मोठ्या माणसाकडे न येता आपसांत मिटवून मोकळ्या झाल्या. बाईंच्या पत्रकातले जड शब्द डोळ्यांसमोर चालत होते.

चौथ्या दिवशी जाकीट टपालकडे आलं.

या मुलीला वर्गात टपाल म्हणत, कारण तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर उशिरा पोचायचं. मुलगी हुशार होती. पण आधी ती प्रश्न नीट आत घ्यायची, मग उलटसुलट करून बघायची, आणि ती तोंड उघडेपर्यंत दुसरा कुणी उत्तर देऊन बसलेला असायचा. तिची आई शहरात बस चालवायची. वडील नव्हते. मोहिमेच्या यादीत तिचं नाव सरांनीच घातलं होतं. या पोरीला चार लोकांत एकदा स्वतःच्या हिमतीवर उभं राहू दे, असं ते बाईंना म्हणाले होते.

दुपारी बाराच्या सुमाराला फाटा आला. एक वाट सूर्याकडे तोंड करून चढत होती, दुसरी सूर्याकडे पाठ करून दरीत उतरत होती. खांब होता, पण वरची पाटी वाऱ्याने कधीच उडवली होती. टपालने गुडघे टेकले, नकाशा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, होकायंत्र मध्ये ठेवलं आणि बघत बसली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मुलं चुळबुळायला लागली.

"टपाल निघालं का गं?" लाडोबाने विचारलं, आणि सगळे हसले.

तिने वर बघितलं नाही. आणखी थोडा वेळ घेतला, मग उठली आणि चढाच्या वाटेकडे हात केला. "उत्तर इकडे आहे. झोपडी इकडे आहे."

इथे सरांनी गप्प राहायचं होतं. तेवढंच काम होतं त्यांना. पण साडेतीन दिवस कोंडलेली वाफ होती, ऊन होतं, मुलं हसत होती, आणि हिला आता मदत केली नाही तर हिची फजिती होईल असंही त्यांना वाटलं. असं त्यांनी नंतर स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्यांना एक चूक दिसली, आणि चूक दिसली की शिक्षकाचा हात लाल पेनाकडे जातोच. रांगेच्या शेपटाकडून चालत ते नऊ मुलांना ओलांडून पुढे आले.

"बाळ, होकायंत्र बघताना गळ्यात स्टीलची बाटली लटकवायची नसते. काटा हलतो. आता वर बघ. किती वाजले? बारा. बाराला सूर्य कुठे असतो? दक्षिणेला. म्हणजे उत्तर कुठे? आपल्या पाठीमागे. झोपडी त्या खालच्या वाटेला."

टपालने बाटली काढून लांब ठेवली. काट्याकडे बघितलं. काटा होता तिथेच होता.

"सर, पण इथे सूर्य..."

"सूर्य सगळीकडे एकच असतो," सर म्हणाले.

पुन्हा हशा पिकला. या वेळी सरही हसले. त्यांनी नकाशाची घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. जाकीट मात्र तिच्याच अंगावर राहिलं.

मग काय, सरांची गाडी सुटली. उतारभर ते बोलत होते. दरी कशी होते, वारा कसा वळतो, गवत एकाच बाजूला का वाढतं. मुलंही ऐकत होती. टपाल त्यांच्या मागे दोन पावलांवर, नारिंगी जाकिटात, काही न बोलता चालत होती.

तीनच्या आसपास सरांच्या उजव्या गालाला ऊन लागायला लागलं. आधी त्यांना काही वाटलं नाही. मग वाटलं. उत्तरेकडे चाललेल्या माणसाच्या डाव्या हाताला पश्चिम असते, आणि दुपारनंतरचं ऊन डावीकडून यायला हवं. हे उजवीकडून येत होतं. बोलता बोलता सरांनी वर सूर्याकडे बघितलं.

ते पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागात उभे होते. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, कारण दर वर्षी आठवीच्या वर्गात खिडक्या लावून, दिवा आणि रबरी चेंडू घेऊन ते स्वतःच हे शिकवत. परीक्षेत दोन गुणांना हमखास विचारत. टपालला त्यात पूर्ण गुण होते. फाट्यावर ती तेच सांगायला निघाली होती, आणि त्यांनी तिला भर वर्गात खाली बसवावं तसं गप्प केलं होतं.

त्याच क्षणी थांबून "मुलांनो, मी चुकलो, मागे फिरा" म्हटलं असतं तर ही गोष्ट सांगण्यासारखी राहिलीच नसती. सर थांबले नाहीत. ते चालत राहिले. पुढे कुठेतरी वाट वळेल, काहीतरी जुळेल, कुणाला कळणार नाही, असलं काहीतरी मनात धरून आणखी पाऊण तास त्यांनी दहा मुलांना चुकीच्या दिशेने चालवलं. पाणी संपलं. लाडोबाच्या टाचांना फोड आले आणि तो चालता चालता रडायला लागला. शेवटी एक तारेचं कुंपण आणि बंद पंपघर आलं, आणि वाटच संपली. तेव्हा सरांनी वायरलेस काढला.

वाटाडीला यायला दीड तास लागला. तिने आधी पाणी दिलं, मग फोड बघितले, मग विचारलं, "आज म्होरक्या कोण होतं?"

 नऊ मुलं आपापल्या बुटांकडे बघत होती. त्यांना सगळं माहीत होतं. पण सरांच्या तोंडावर सरांची चूक सांगायची नसते हे त्यांना पहिलीपासून शिकवलेलं, आणि चांगलं शिकवलेलं. टपालने अंगावरच्या जाकिटाकडे बघितलं आणि हात वर केला.

"मी. मी वाट चुकले."

सरांचं तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण वाटाडी त्यांच्याकडे बघत होती, मुलं बघत होती, आणि सरांनी त्या उघड्या तोंडाला पाण्याची बाटली लावली. वाटाडीने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "होतं असं. उद्या शांतपणे बघू कुठे चुकलं ते." सर पाणी पीत राहिले. बाटली रिकामी झाल्यावरही त्यांनी ती तोंडाला लावून ठेवली होती.

मोहिमेची एक दैनंदिनी होती. रोज संध्याकाळी म्होरक्याने आपल्या दिवसाचं पान लिहायचं आणि खाली शिक्षकाने शेरा द्यायचा. टपालने तीन ओळी लिहिल्या. 'आज मी वाट चुकले. सगळ्यांना त्रास झाला. मला माफ करा.' सरांनी ती वही पुढ्यात घेतली आणि पेनाचं टोपण काढलं. खरं लिहावं तर वाटाडीसमोर गप्प का राहिलो ते सांगावं लागणार. काहीच लिहू नये तर मुख्याध्यापिकाबाई विचारणार. मग त्यांनी लिहिलं, 'निर्णय घेताना गोंधळते. सतत मार्गदर्शनाची गरज आहे.' खाली सही केली, रोजच्यासारखी, शेपूट काढून.

शाई वाळायच्या आत त्यांना कळलं की आपण काय केलं. तोंडातून शब्द फुटला नाही याला निदान घाबरलो असं म्हणता येतं. हे तर त्यांनी बसून, विचार करून, चांगल्या अक्षरात लिहिलं होतं.

राहिलेले दोन दिवस टपाल सगळ्यांत मागे, सरांच्या बरोबरीने चालली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारायला सुरुवात केली. "सर, इथे बसू का?" "सर, हा दगड हलत नाही ना?" "सर, पाणी पिऊ का?" पाणी पिऊ का हे ऐकून सरांना तिथेच खाली बसावंसं वाटलं. "पी की," एवढंच ते म्हणाले. स्वतःच्या हिमतीवर उभी राहावी म्हणून आणलेली मुलगी घोटभर पाण्यासाठी परवानगी मागत होती.

घरी परतल्यावर बायकोने दोन दिवस बघून घेतलं आणि मग विचारलं, "तिकडे काही झालं का हो?"

"काय व्हायचंय?" सर खेकसले, आणि ताट अर्धवट सोडून उठले. त्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर एकही नकाशा काढला नाही. मुलांना पुस्तक उघडून वाचायला सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत टपालची आई शाळेत आली. दोन फेऱ्यांच्या मधला वेळ काढून आली होती, अंगावर बसचालकाचा गणवेश, हातात पाण्याची बाटली. शिक्षकांच्या खोलीच्या दारातच ती उभी राहिली, आत या म्हटलं तरी आली नाही.

"सर, माफी मागायला आले. घरी दैनंदिनीच्या पानाची प्रत आली, ती वाचली. अकरा वर्षं गाडी चालवते मी, एक वळण चुकले नाही, आणि माझ्या पोरीने परक्या मुलखात सगळ्यांना चुकवलं. तुम्ही होतात म्हणून सगळे धड परत आले. तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही."

"अहो, असं काही..." सर म्हणाले आणि टेबलावरच्या वह्या सरळ करायला लागले.

"शाळेत ते पुढच्या वर्षीच्या गटप्रमुखांसाठी नावं मागवतायत ना, तिचं नाव बाईंनी घातलं होतं. तिने काल काढून घेतलं. म्हणते, मी पुढे असले की सगळे चुकतात. मी म्हटलं, बरोबर आहे, ज्याचं त्याने ओळखून राहावं." निघता निघता ती वळली. "आता घरात दिवा लावू का हेही विचारते, सर. आधी अशी नव्हती."

ती गेली. सरांच्या समोर पस्तीस वह्या तपासायला पडल्या होत्या. त्यांनी पहिली उघडली आणि सुट्टी संपल्याची घंटा होईपर्यंत त्याच पानावर बघत बसले. त्यांना स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

शनिवारी सकाळी पालकसभा होती. परदेश मोहिमेतून मुलं काय शिकली या विषयावर सरांनी बोलायचं होतं. सभागृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पडद्यावर डोंगरांचे फोटो, पुढच्या रांगेत मोहिमेची दहा मुलं. टपाल कडेच्या खुर्चीवर, शेजारी तिची आई, बसचालकाच्या गणवेशातच. सरांच्या खिशात बाईंना दाखवून आणलेलं भाषण होतं. ते त्यांनी काढलंच नाही.

"मुलं काय शिकली ते मी नंतर सांगतो," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मागून कुणीतरी "मोठ्याने" म्हणालं. "चौथ्या दिवशी वाट चुकली. दैनंदिनीत ती एका मुलीच्या नावावर आहे. ती तिने चुकवली नाही, मी चुकवली. तिने बरोबर वाट दाखवली होती. मी तिच्या हातातून नकाशा काढून घेतला. चुकलोय हे मला तीन वाजता कळलं, तरी मी पाऊण तास बोललो नाही. तिने माझी चूक अंगावर घेतली, मी घेऊ दिली. आणि वर तिच्या पानावर तो शेरा लिहिला. तो खोटा आहे. मला लाज वाटते."

 सरांना वाटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई उठल्या. त्यांचे डोळे पाणावले होते.

"बघितलंत? विद्यार्थ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा शिक्षक! याला म्हणतात मोठं मन. असे गुरुजन आहेत म्हणून आपण मुलांना निर्धास्तपणे पाठवतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"नाही, नाही," सर हात हलवत होते, "मी खरं सांगतोय." तसतशा टाळ्या वाढत होत्या. त्यांनी पुढच्या रांगेकडे बघितलं. "मुलांनो, तुम्ही सांगा. तुम्ही होतात तिथे. सांगा ना!" नऊ मुलांनी पंपघराजवळ घातल्या होत्या तशाच माना खाली घातल्या. मागे बसलेल्या लाडोबाच्या बापाने त्याच्या पाठीत हलकेच बोट टोचून त्यालाही टाळ्या वाजवायला लावलं.

टपालची आई टाळ्या वाजवत नव्हती. ती सरांकडे बघत होती, टक लावून. मग ती उभी राहिली. गणवेशातल्या बाईला उभी राहिलेली बघून आजूबाजूचे हात थांबले, मग त्यांच्या मागचे. ती सरांशी बोलली नाही. मुलीकडे वळली.

"आमच्या डेपोत गाडी भलतीकडे गेली तर एकच प्रश्न विचारतात. तो मी तुला विचारायला हवा होता, नाही विचारला. स्टिअरिंगवर कोण होतं?"

टपालने नेहमीसारखा वेळ घेतला. सभागृहातले सगळे थांबले होते, पण या वेळी तिच्या आधी कुणी उत्तर दिलं नाही.

"सर," ती म्हणाली.

"तुला बरोबर वाट माहीत होती?"

"हो. तिकडे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. काटाही तेच दाखवत होता."

"पक्कं माहीत होतं?"

"पक्कं."

"मग बोलली का नाहीस?"

मुलीने आईकडे आश्चर्याने बघितलं, एवढी साधी गोष्ट हिला कशी कळत नाही अशा नजरेने.

"सर बोलत होते."